पेठेतली थाळी आणि एसीचा कर : पार्श्वभूमी

थाळीच्या बिलाखाली केंद्राचा सीजीएसटी अडीच टक्के आणि राज्याचा एसजीएसटी अडीच टक्के अशा दोन ओळी छापलेल्या असतात. आता त्या कोणी वाचत नाही. पण साधारण २०१३ ते २०१७ या काळात पुण्याच्या पेठांमधल्या डायनिंग हॉलच्या गल्ल्यावर जी हुज्जत चालायची, ती अशाच ओळींवरून. आणि सगळ्याचे मूळ होते भिंतीवरच्या एसीत.

हे हॉल मूळचे खानावळींच्या घराण्यातले. शिकायला आलेल्या गरीब मुलांची आधी माधुकरीवर किंवा वार लावून सोय होई. कॉलेजे आणि कचेऱ्या वाढल्या तशी महिन्याच्या पैशांवर चालणारी मेंबरांची खानावळ आली. खाडा आदल्या दिवशी सांगायचा, नाहीतर पैसे वजा होणार नाहीत. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री चूल बंद. पाहुणा आणला तर त्याचे वेगळे. ‘रविवारी संध्याकाळी बंद’ ही पाटी तेव्हापासूनची, आणि एका ताटात दोघांनी जेवू नये हा नियमही त्याच वळणाचा. पुढे वाडे पाडून इमारती झाल्या, लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी वाढली, खरेदीला आलेली कुटुंबे जेवायला थांबू लागली. मग तळमजल्यावर साधा हॉल आणि वरच्या मजल्यावर एसी, दोन्हींचे दर वेगळे, अशी मांडणी ठिकठिकाणी दिसू लागली.

या मांडणीलाच कराने गाठले. मे २०११ मध्ये रेस्टॉरंटांवर सेवा कर आला तेव्हा अट दुहेरी होती : एसी हवा आणि मद्याचा परवानाही हवा. आमरस-पुरी आणि अळूची भाजी वाढणारे आपोआप सुटले. १ एप्रिल २०१३ पासून मद्याची अट गेली आणि नुसता एसी पुरेसा ठरला. कर १२.३६ टक्के, पण बिलाच्या ४० टक्के रकमेवर. म्हणजे प्रत्यक्षात पाच टक्क्यांच्या जरा आत. दोनशेच्या थाळीला दहा रुपये. जून २०१६ पर्यंत दर १५ टक्क्यांवर गेला आणि दहाचे बारा झाले. राज्याचा व्हॅट निराळा. रक्कम मोठी नव्हती, पण त्याच कढईतली भाजी एक जिना चढली की करपात्र होते, हे ग्राहकाला पटवायचे काम गल्ल्यावरच्या माणसाच्या गळ्यात पडले.

ऑक्टोबर २०१३ मध्ये खुलासा आला, आणि तो शहाणपणाचा होता. स्वयंपाकघर एकच असले तरी एसी आणि साधा विभाग स्पष्टपणे वेगळे असतील, त्यांची नावे वेगळी असतील, तर साध्या विभागाला कर नाही. वेगळ्या नावाची पाटी लावणे पुण्याला जड जाण्यासारखे नव्हते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे शहाणपण बाजूला पडले. साध्या हॉटेलाला १२ टक्के, एसीला १८. त्यावर ऑगस्टमध्ये स्पष्टीकरण निघाले की आस्थापनेचा कोणताही भाग एसी असेल तर सगळीकडे १८ टक्केच. खाली पंख्याखाली बसून जेवणाऱ्यालाही १८, आणि पार्सल बांधून नेणाऱ्यालाही १८. चार वर्षांपूर्वी जो फरक सरकारनेच मान्य केला होता, तोच आता नाकारला गेला. दोनशेची थाळी २३६ ला पडू लागली. या निर्णयाचे समर्थन करणे अवघड आहे. वरच्या मजल्यावरच्या थंड हवेचे पैसे खालच्याने का द्यावेत, याला धड उत्तर कधीच मिळाले नाही.

१५ नोव्हेंबर २०१७ पासून एसी असो वा नसो, सरसकट ५ टक्के झाले (महागड्या खोल्यांच्या हॉटेलांतली रेस्टॉरंटे वगळून). ग्राहक खूश. पण त्याबरोबर मालकांचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सोय, गेले. भाड्यावरचा १८ टक्के, व्यावसायिक सिलिंडरवरचा १८ टक्के, तुपावरचा १२ टक्के कर आधी वळता करून घेता येई. आता तो खर्चातच जमा. अनेकांनी मूळ दर चढवले. दोनशेची थाळी २२० केली तर करासकट २३१. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात उरले जेमतेम पाच रुपये. ‘कर उतरला, दर चढला’ ही तक्रार तेव्हापासूनची. तिच्यात तथ्य होते, पण सगळा दोष मालकाच्या माथी मारणे बरोबर नाही. कंपोझिशन या जीएसटीतल्या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या योजनेतल्या हॉटेलांची गोष्ट आणखी वेगळी : ती उलाढालीवर कर भरतात, ग्राहकाकडून वेगळा घेऊ शकत नाहीत. त्यांच्या बिलावर जीएसटीची ओळ दिसली तर ती चूकच.

नंतरची वर्षे भराभर गेली. मार्च २०२० मध्ये हॉल बंद झाले, ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने उघडले; मधल्या काळात ज्यांनी कधी पार्सल दिले नव्हते त्यांनीही डबे भरले. जुलै २०२२ मध्ये सर्व्हिस चार्ज (हा कर नव्हे, हॉटेलाने स्वतःसाठी लावलेला आकार) परस्पर बिलात लावू नये असे केंद्राने बजावले, त्याच महिन्यात त्याला स्थगिती मिळाली, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने ते मार्गदर्शन उचलून धरले. पेठांमध्ये त्याचे फारसे कौतुक नाही. इथे टीप म्हणजे बडीशेपेच्या ताटलीत ठेवलेली नोट. हा वाद कॅम्प आणि कोरेगाव पार्ककडचा. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो मंडईपर्यंत येते, त्यामुळे पार्किंगच्या धास्तीने पेठेत न फिरकणारेही आता जेवायला येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तुपावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि एसीवरचा २८ वरून १८ वर. थाळीवरचे ५ टक्के मात्र आहेत तिथेच आहेत.