‘खातो ना बाई, रोजच खातो’

माझी मोठी वहिनी पहिल्यांदा गरोदर होती तेव्हा आशाताई दर पंधरा दिवसांनी घरी यायच्या. लोहाच्या लाल गोळ्या खाता की नाही, एवढंच विचारायच्या. ‘खातो ना बाई, रोजच खातो,’ वहिनी सांगायची. (आमच्या वऱ्हाडात बायकाही ‘खातो’च म्हणतात.) आशाताई वहीत खूण करून शेजारच्या घरी जायच्या. पुढे दिवाळीला फराळाचे डबे घासायला काढले, तर सर्वांत मागच्या डब्यात जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. दोन-चार गोळ्या काय त्या कमी होत्या. गोळीनं मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, आणि तिच्या सासूच्या, म्हणजे माझ्या आईच्या मते त्यानं पोर काळं निपजतं. यातलं काहीच वहीत नव्हतं. वहीत त्याला रकानाच नव्हता.

हे सगळं मला आठवलं ते आफ्रिकेतल्या एका औषध-चाचणीचे आकडे वाचताना.

‘व्हॉइस’ नावाची ही चाचणी २००९ मध्ये सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या, एचआयव्ही नसलेल्या ५,०२९ स्त्रिया तिच्यात होत्या. लागण होण्याआधीच औषध घेऊन ती टाळता येते का, हा प्रश्न होता. या उपायाला ‘प्रेप’ म्हणतात. काहींना टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाची गोळी, काहींना टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन एकत्र असलेली गोळी, काहींना योनीत लावायचं टेनोफोविरचं जेल, आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी किंवा जेल. सगळं रोजचं. २०१३ मध्ये निकाल लागला: तिन्हींपैकी एकाचाही उपयोग दिसला नाही. चाचणीतल्या शंभर जणींमागे वर्षाला जवळपास सहा जणींना लागण होत राहिली.

आता गंमत बघा. ‘औषध घेता का?’ असं विचारल्यावर आलेल्या उत्तरांवरून नव्वद टक्के वापर दिसत होता. परत आणलेल्या गोळ्या मोजल्या, तर शहाऐंशी टक्के. आणि रक्त तपासलं, तर जेमतेम पंचवीस ते तीस टक्के नमुन्यांत औषधाचा माग लागला. म्हणजे उरलेल्या गोळ्या कुठे तरी गेल्या होत्या. वहिनीच्या डब्यासारख्या.

मग औषध कुचकामी होतं का? तर नाही. केनिया आणि युगांडातल्या ४,७४७ जोडप्यांवर ‘पार्टनर्स प्रेप’ ही दुसरी चाचणी झाली होती. जोडप्यातला एक एचआयव्हीबाधित, दुसरा नाही. तिथे टेनोफोविर-एम्ट्रिसिटाबिनच्या याच एकत्र गोळीनं लागण ७५ टक्क्यांनी कमी केली, आणि तपासलेल्या रक्ताच्या नमुन्यांपैकी ८२ टक्क्यांत औषध सापडलं. गोळी एकच. एका ठिकाणी शून्य, दुसऱ्या ठिकाणी पंचाहत्तर.

याला थोडं जीवशास्त्रही कारणीभूत आहे. टेनोफोविर योनीच्या आवरणात कमी मुरतं, त्यामुळे बाईनं गोळ्या चुकवल्या की संरक्षण लवकर ढासळतं. पण मोठा फरक घराचा होता. जोडप्यांच्या चाचणीत गोळी कशासाठी हे दोघांनाही ठाऊक. लपवायचं कुणापासून? ‘व्हॉइस’मधल्या बहुतेक जणी अविवाहित, वयानं पंचविशीच्या आसपास. नवऱ्याला, मित्राला, आईला काय सांगायचं? शिवाय हेच औषध एचआयव्हीच्या रुग्णांना उपचारासाठी देतात. म्हणजे रोग टाळायला घेतलेली गोळी बघणाऱ्याच्या डोळ्यांत रोगाची खूण ठरते. दोन खोल्यांच्या घरात गोळ्यांची प्लास्टिकची डबी नुसती हलली तरी खडखडते, आणि पलीकडे सासू जागी असते.

हे कळलं कसं? चाचणी संपल्यावर संशोधकांनी काही जणींसमोर त्यांच्याच रक्तातल्या औषधाचे आकडे ठेवले आणि निवांत बोलायला बसवलं. मग बोलणं मोकळं झालं. चाचणीतून काढून टाकतील ही भीती होती, कारण त्या निमित्तानं नीट तपासणी होत होती. आपल्याला मिळते ती गोळी खरी की खोटी, हेच माहीत नव्हतं. आणि धडधाकट बाईनं न झालेल्या आजाराचं औषध का खावं? मला यात खोटारडेपणा दिसत नाही. समोरच्या भल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून ‘रोजच खातो’ म्हणणं हा आपल्याकडचा शिष्टाचारच आहे.

चाचणीच्या गणितात याला जागा नसते. ज्या गटात नाव पडलं त्याच गटात बाई मोजली जाते, गोळी खाल्ली असो वा नसो. तसं नाही केलं तर नियमित गोळ्या खाणाऱ्या, मुळातच जास्त काळजी घेणाऱ्या माणसांचेच आकडे उरतील. नियम बरोबर आहे. पण त्यामुळे हाती आलेल्या आकड्यात औषध किती आणि माणूस किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी बसून ऐकणारं कुणी तरी चाचणीत पहिल्या दिवसापासून लागतं, निकाल बिघडल्यावर नव्हे.

विदर्भाला ही गोष्ट नवी वाटू नये. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. ‘तुम्हाला लैंगिक आजार आहे का?’ असं विचारलं तर आमच्याकडची कुठलीही बाई पदर सावरून उठून जाईल. ‘धुपणी (अंगावर पांढरं जाणं) आहे का?’ म्हणा, ती बसेल आणि बोलेल. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा हेही संशोधनच आहे.

आता वाळलेल्या रक्ताच्या थेंबावरून मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब लागतो, कारण तांबड्या पेशींत साठलेलं टेनोफोविर निम्मं व्हायला सुमारे सतरा दिवस लागतात. ‘किती’ हे त्यातून कळतं. ‘का’ हे कळत नाही, आणि नुसतंच तपासत राहिलं तर रक्त पोलिसपाटील होऊन बसतं.

रोजची गोळीच नको, असाही मार्ग निघाला. लेनाकापाविर हे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला, तेव्हा इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. त्याच चाचणीत रोजच्या गोळ्यांच्या गटांत लागण झालीच. गोळ्या खाण्याचं प्रमाण इथेही कमीच भरलं होतं.

डबी नाही, खडखडाट नाही, ओढणीत गुंडाळायला काही नाही. पण सहा महिन्यांनी परत यावं लागतं. धान निघालं की आमच्या पूर्वेकडची कितीतरी कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला जातात. एखादीनं पोळ्याच्या सुमारास पहिलं इंजेक्शन घेतलं, तर दुसऱ्याची तारीख फाल्गुनाच्या तोंडावर येते. तेव्हा ती कुठल्या तरी परक्या शेतात वाकलेली असते. तारखेत दोन आठवडे इकडे-तिकडे चालतात. मिरचीची तोडणी त्याहून लांबते.