घरी जोडलेला पीसी आणि १२ व्होल्टचा जुना वाद

आज घरी पीसी जोडायला बसलेल्या माणसाला बहुतेक वायरी उलट्या बसवताच येत नाहीत. रॅमची खाच मध्यापासून थोडी सरकलेली असते, साटाचा (हार्ड डिस्क, एसएसडी जोडायचा) प्लग एल आकाराचा असतो, मदरबोर्डच्या २४ पिनी प्लगचे काही खण चौकोनी तर काहींचे कोपरे कापलेले असतात. ही सोय एका दिवसात आली नाही. आणि ती जिथे संपते, नेमके तिथेच नवशिक्यांचे भाग अजूनही जळतात.

१९८१ सालचा आयबीएमचा मूळ पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांवर उभा होता, त्याचे सर्किटचे आराखडे छापील मिळत. त्यावरून नकला झाल्या आणि नकलांसाठी सुटे भाग निघाले. पुढे हेच भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये काउंटरवर मिळू लागले. ‘असेंबल्ड’ मशीन मात्र बहुधा दुकानदारच जोडून देई, आणि त्याला कारण होते.

त्या वेळच्या एटी या जोडणीच्या पद्धतीत एसएमपीएसमधून (भिंतीतली वीज कमी व्होल्टची करून भागांना देणाऱ्या डब्यातून) मदरबोर्डला सहा-सहा पिनांचे दोन प्लग जात, पी-८ आणि पी-९. दिसायला जवळजवळ सारखेच. काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत, एवढ्या एका नियमावर सगळी भिस्त. अदलाबदल झाली की ५ व्होल्ट थेट ग्राउंडला (वीज परत जाण्याच्या काळ्या वायरींना) भिडत आणि बोर्ड जाण्याची वेळ येई. कॅबिनेटच्या दर्शनी बटणापर्यंत चक्क २३० व्होल्ट येत, चार वायरींनी. त्यांच्या जोड्या चुकल्या तर बटण दाबताच फेज आणि न्यूट्रल एकत्र. प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज जम्परने, म्हणजे बोर्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने, ठरवायचे. एमएमएक्स पेंटियम या नव्या प्रोसेसरच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागत, आधीच्या पेंटियमला ३.३ च्या आसपास. जम्पर जुन्या जागी राहिला की प्रोसेसर उगाच तापत राही.

१९९५ च्या एटीएक्स या नव्या मानकाने हे बरेचसे संपवले. एकच २० पिनी प्लग, एकाच बाजूने बसणारा. बटणातून मुख्य वीज जाणे थांबले. आता बटण दाबल्यावर मदरबोर्ड एसएमपीएसची हिरवी वायर ग्राउंडला जोडतो आणि मशीन चालू होते. त्यासाठी ५ व्होल्टची एक स्टँडबाय ओळ (एसएमपीएसमधून निघणारी विजेची वाट) कायम जिवंत ठेवावी लागते. म्हणून मशीन बंद दिसले तरी बोर्डावर वीज असते, आणि रॅम काढण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा हा नियम तेव्हापासूनचा. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० चा लाल स्विचही असतो. तो ११५ वर ठेवून आपल्या सॉकेटला लावला की आवाज होऊन एसएमपीएस संपतो.

खरा गुंता २००० नंतरचा. तोवर प्रोसेसरची वीज मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींवरून घेतली जाई. पेंटियम ४ बरोबर १२ व्होल्टचा वेगळा चार पिनी प्लग आला. कारण साधे: ६० वॉट ५ व्होल्टने द्यायचे तर १२ अँपिअर लागतात, १२ व्होल्टने ५ पुरतात, आणि पिन तापते ती अँपिअरमुळे. पण स्वस्त एसएमपीएसची आतली वाटणी जुनीच राहिली. कॅबिनेटबरोबर आलेल्या ‘४५० वॉट’च्या डब्याच्या लेबलवर +१२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिले असतील, तर कामाचे १९२ वॉटच. उरलेला आकडा आजचे मशीन क्वचितच वापरते अशा ओळींचा. ग्राफिक्स कार्डवर भार आला की मशीन रिस्टार्ट होते आणि दोष विंडोजला दिला जातो.

या मानकाच्या २००३ च्या आवृत्तीने मुख्य प्लग २४ पिनी केला आणि एक निर्णय घेतला, ज्यावर पुढे वर्षानुवर्षे भांडणे झाली. सुरक्षेच्या नियमानुसार कुठल्याही एका ओळीतून २४० व्होल्ट-अँपिअरपेक्षा जास्त, म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअरपेक्षा जास्त, जाऊ द्यायचे नाही. म्हणून १२ व्होल्टच्या दोन रेल, म्हणजे वेगवेगळ्या मर्यादेच्या ओळी, झाल्या: एक प्रोसेसरला, दुसरी बाकी सगळ्यांना. तेवढ्यात ग्राफिक्स कार्डे वाढली. दुसरी रेल भरून एसएमपीएस बंद पडे, पहिलीवर अर्धी वीज शिल्लक असताना. काही उत्पादकांनी लेबलवर दोन-चार रेल छापल्या आणि आत एकच ठेवली. २००७ मध्ये २४० ची मर्यादा काढली गेली, मग ‘सिंगल रेल’ हीच चांगल्या एसएमपीएसची खूण म्हणून खपू लागली.

मर्यादा आखली होती ती तोकडी, पण तिच्यामागचा विचार बरोबर होता. ७० अँपिअरच्या एकाच रेलवर एखादा स्वस्त मोलेक्स-ते-साटा (जुन्या चार पिनी प्लगला साटा करणारा) अडॅप्टर आत शॉर्ट होऊन वितळू लागला, तर २०–३० अँपिअर हे संरक्षण सर्किटला साधे कामच वाटते. ते बंद होत नाही.

तोच प्रश्न २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डच्या नव्या सोळा पिनी प्लगने परत आणला. जुन्या आठ पिनी प्लगवर १५० वॉटची मर्यादा होती. तीन पिनांवर वाटले तर प्रत्येकी जेमतेम ४.२ अँपिअर. नव्यात ६०० वॉट सहा पिनांवर, म्हणजे ८.३ अँपिअर, आणि पिनची क्षमता साडेनऊच्या आसपास. प्लग अर्धवट बसला किंवा भार असमान वाटला गेला की एक-दोन पिनच सगळे ओढतात आणि प्लास्टिक वितळते. २०२३ मध्ये सुधारित प्लग आला: संकेताच्या (वीज न नेता फक्त कार्डला खूण देणाऱ्या) पिना आखूड केल्या, म्हणजे तो पुरता बसला नाही तर कार्ड वीज ओढतच नाही. तक्रारी तरी २०२५ च्या कार्डांवरही आल्या, कारण पिनांमधली असमान वाटणी या बदलाने सुटत नाही. प्लग आणि कार्ड यांच्यात फट दिसता कामा नये, आणि पहिल्या ३५ मिलिमीटरपर्यंत वायर वाकवायची नाही.

प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डचा असे दोन्ही आठ पिनी प्लगही सारखेच वाटतात. पहिला बहुधा ४+४ असा सुटतो, दुसरा ६+२. दोघांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांच्या उलट रांगांत आहेत, त्यामुळे जोर लावून बसवला तर सरळ शॉर्ट.

सर्वांत वाईट उणीव मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता-लावता येणाऱ्या, एसएमपीएसची. वायरीचे भागाकडचे टोक प्रमाणित आहे, एसएमपीएसकडचे नाही. ते एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलांतही बदलते. दुसऱ्या एसएमपीएसची वायर छान बसते आणि एसएसडीच्या ५ व्होल्टच्या पिनवर १२ व्होल्ट पाठवते. जुनी वायर वापरायचीच असेल तर ती आधी काहीही न जोडता एसएमपीएसला लावा, २४ पिनी प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीशी जोडून तो चालू करा आणि मल्टिमीटरने साटा प्लग तपासा: ७ ते ९ या पिनांवर ५ व्होल्ट, १३ ते १५ वर १२. वायरी सगळ्याच काळ्या असतील तर हिरवीची जागा आकृतीवरून शोधा, १६ वी पिन.