पूडल कुत्र्याचं टक्कल केलं की तो गार राहतो म्हणे

जळगाव-भुसावळकडे मे मधे पारा ४४ ला टेकला की जो तो सांगतो, पूडलवर झिरो मशीन फिरवून टाका, गार राहील. नाही हो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येतच नाही, आला तर जेमतेम पंजाच्या तळव्यांना, तो गार होतो जीभ बाहेर काढून धापा टाकून, आणि टक्कल केलं की उघडी कातडी उन्हात सरळ भाजते. केस बोटाच्या पेरभर ठेवा, बस. खरा त्रास गुंत्याचा, कानामागे आणि बगलेत दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा थर बसतो, आत हवाच लागत नाही. अन् विंचरायचं आंघोळीच्या आधी बरं का, मुळापर्यंत, कारण ओला गुंता अजून आवळतो, मग कात्री लावताना कातडीच कापली जाते.