रेडियन्स वेगळं, रेडिएशन वेगळं

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या शेजारच्या काकूंचं ब्रेस्ट कॅन्सरचं रेडिएशन संपलं, 3 आठवड्यांत 15 वेळा, आणि लगेच भाचीनं खडेबाजारातून चमक आणणारं 'रेडियन्स' क्रीम आणलं, तिथली कातडी काळी पडलीय ना मग हे लावा म्हणून. तिकडं सुनेनं नातवाला त्यांच्यापासून लांब झोपवायला सुरुवात केली, किरणं लागतील म्हणून. दोघींनीही काळजीपोटीच केलं, पण दोन्ही चुकलं.

रेडियन्स आणि रेडिएशन हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या किरणाच्या एकाच शब्दातून आलेत, म्हणून ऐकायला सारखे वाटतात. आपल्याकडं कन्नड कानावर असतं त्याचा इथं फायदा आहे बघा, कन्नडमध्ये चेहऱ्याची ती 'कांती' आणि हॉस्पिटलमधलं ते 'विकिरण', घोळच नाही.

कांती म्हणजे बाहेरचा उजेड कातडीवर पडून परत येणं. कातडी कोरडी, खरबरीत असली की तो कसाही विखुरतो आणि चेहरा निस्तेज दिसतो, क्रीमनं ओलावा धरला की गुळगुळीत होऊन चमकते, एवढंच.

रेडिएशनमध्ये मशीनमधले जोरदार एक्स-रे आत शिरून कॅन्सरच्या पेशींचा डीएनए तोडतात. मशीन बंद, किरणं बंद, बल्ब घालवल्यावर खोलीत उजेड उरतो का, तसंच. काकूंच्या अंगात काहीच साठलेलं नाही, नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन देतात तेव्हा मात्र गोष्ट वेगळी, किरणं सोडणारं ते औषधच पोटात जातं, म्हणून काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात आणि ते पाळायचंच.

आता क्रीम. रेडिएशन घेतलेली कातडी उन्हात भाजल्यासारखी असते, लाल होते, मग काळपट, कोर्स संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे त्रास वाढू शकतो आणि मग हळूहळू उतरतो. ग्लोवाल्या बऱ्याच क्रीममध्ये व्हिटॅमिन सी, ग्लायकोलिक ॲसिड, सेंट असलं काय काय असतं, ते अशा नाजूक जागेवर आग आग करतं, तिथं डॉक्टरांना विचारून बिनवासाचं साधं मॉइश्चरायझरच लावायचं.

काकूंनी ट्यूब न उघडताच भाचीला परत दिली, आणि सुनेला डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं, त्या रात्रीपासून नातू परत आजीच्या कुशीत झोपतोय.