मध्यस्थीची पूर्वतयारी (शेतीचे दिवाणी वाद)

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नुसार कोर्ट दावा मध्यस्थीकडे पाठवू शकते. तिथे बसण्याआधी पक्षकारांनी जमवायचे कागद, घ्यायची मापे आणि ठरवायच्या अटी म्हणजे ही पूर्वतयारी. विदर्भातल्या खेड्यांत असे वाद धुऱ्याचे (शेताच्या बांधाचे), वहिवाटीच्या रस्त्याचे, सामाईक विहिरीचे नाहीतर वाटणीचे असतात.

मध्यस्थ निकाल देत नाही. त्यामुळे आपलेच कसे खरे हे पाठ करून जाण्यात अर्थ नाही. काय हवे आणि कुठवर सोडता येईल, हे घरात आधी ठरलेले बरे.

चालू सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), संबंधित फेरफार (हक्कबदलाची नोंद), गटाचा नकाशा आणि खरेदीखत सोबत लागते. सातबाऱ्यावरून क्षेत्र कळते, हद्द नाही. सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. म्हणून धुऱ्याच्या वादात भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची ‘क’ प्रत (मोजून दाखवलेल्या हद्दीचा नकाशा) हवी. कपाशी-तूर उभी असताना मोजणी अवघड जाते, तेव्हा अर्ज आधीच टाकून ठेवावा.

मग माणसे. वाटणीच्या वादात दोघे भाऊ येतात आणि बहिणी राहून जातात. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. तिची सही नसेल तर तडजोड पुन्हा कोर्टात येते. वारस अज्ञान (अल्पवयीन) असेल तर कोर्टाची परवानगी लागते. पुण्या-मुंबईला गेलेल्याच्या मुखत्यारपत्रात तडजोडीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा.

अटी मापात लिहाव्यात. ‘जाण्यायेण्यास रस्ता द्यावा’ एवढ्यावर भागत नाही: कोणत्या धुऱ्याने, किती फूट, मुरूम कोणी टाकायचा? बंडीला (बैलगाडीला) पुरणारी वाट हार्वेस्टरला पुरत नाही आणि भांडण सोंगणीला पुन्हा उभे राहते. विहिरीच्या पाळ्या दिवसांवर वाटल्या तर लाइन गेली की पाळी बुडते. प्रत्यक्ष वीज मिळालेल्या तासांवर वाटाव्यात. पंपाचे बिल कोणाच्या नावे आणि कोण किती भरणार, हेही त्यातच यावे.

वकील परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो; महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना तिथे मोफत मदत मिळते.

मध्यस्थी सुरू आहे म्हणून कोर्टाची पेशी (तारीख) चुकवू नये. तडजोड पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर) सही करण्यापूर्वी ती मोठ्याने वाचून घ्यावी आणि गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहावा.