चिमूटभर नळ्या आणि थिजलेला द्रव

द्रव घट्ट करायचा तर त्यात भरपूर काहीतरी घालावं लागणार, असं आपण धरून चालतो. कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अणूंपासून बनलेल्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. वजनाने एक टक्काही नसलेल्या नळ्या पाण्यात नीट विखुरल्या, तरी त्या मिश्रणाचं जेल होऊ शकतं. बाटली तिरकी करा, ते जागचं हलत नाही.

सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधामुळे या नळ्यांकडे जगाचं लक्ष गेलं. एकपदरी, म्हणजे अणूंच्या एकाच थराची नळी जेमतेम १ नॅनोमीटर जाड असते, आणि लांबी सहज त्याच्या हजारपट. अशी नळी सगळ्या दिशांनी गरगर फिरली, तर तिने व्यापलेल्या गोलाचं घनफळ तिच्या स्वतःच्या घनफळाच्या सुमारे साडेसहा लाखपट भरतं! म्हणजे भांड्यात जवळपास सगळं पाणीच असतं, तरी नळ्यांना मोकळं फिरायला जागा उरत नाही. शिवाय व्हॅन डर वाल्स आकर्षणामुळे, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधल्या ओढीमुळे, त्या एकमेकींना घट्ट चिकटतात. म्हणून साबणासारखे रेणू घालून, श्राव्यातीत ध्वनीचा मारा करून त्यांना आधी सुटं करावं लागतं.

जेल झालं हे ओळखायचं कसं? थोडासा नमुना दोन चकत्यांमध्ये ठेवतात आणि वरची चकती अगदी हलकेच मागे-पुढे हलवतात. नुसता द्रव असेल, तर दिलेली ऊर्जा उष्णतेत विरून जाते. नळ्यांचं जाळं या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलं गेलं असेल, तर बरीचशी ऊर्जा स्प्रिंगसारखी परत मिळते.

जोर वाढवला की जाळं तुटतं, नळ्या प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि मिश्रण सैल होतं. मंद ढवळण्याचा परिणाम मात्र बऱ्याचदा उलटा होतो: नळ्या एकमेकींवर आदळून चिकटतात, गुठळ्या वाढतात. म्हणून मला वाटतं, नमुना आधी कसा ढवळला हे न सांगता दिलेला चिकटपणाचा आकडा अर्धवटच असतो.

जपानमध्ये ताकानोरी फुकुशिमा, ताकुझो आइदा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एकपदरी नळ्या आयनी द्रवात (म्हणजे द्रवरूपातल्या क्षारात) खलात घोटून काळं जेल बनवलं. आयनी द्रव उडून जात नाही, त्यामुळे ते निर्वातातही सुकत नाही.

लिथियम-आयन बॅटरीच्या कारखान्यात याच गुणांशी रोजची गाठ पडते. वीज वाहावी म्हणून इलेक्ट्रोडच्या लगद्यात नॅनोट्यूब मिसळतात. पातळ धातूपत्र्यावर थर देताना तो लगदा सरसर पसरायला हवा, आणि पसरून झाला की कडेने ओघळायला नको.