मिठाच्या पाण्यात धुतलं की मांसातलं कीटकनाशक जातं का?

'मटण असो वा बीफ, मीठ-हळदीच्या पाण्यात धुऊन खळखळून उकळलं की फवारणीचं औषध निघून जातं.' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भाजी धुण्याचा फायदा खरोखर होतो, त्यामुळे मांसाबद्दलही तसंच वाटणं साहजिक आहे.

पण भाजीवर औषध बरंचसं वरवर असतं. जनावराच्या अंगात ते चाऱ्यातून, ढेपेतून जातं. डीडीटीसारखी जुनी औषधं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात आणि तिथेच साठतात. तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही, तसंच हे. आणि उकळणं? पाणी 100 अंशांना उकळतं, डीडीटी वितळायलाच सुमारे 109 अंश लागतात. वितळलं म्हणजे नष्ट झालं असंही नाही.

उपयोग होतो तो चरबी कमी करण्याचा. शिजवण्याआधी पांढरी चरबी काढा. रस्सा फ्रीजमध्ये ठेवलात तर सकाळी वर थर गोठलेला दिसेल; तो चमच्याने उचलून टाका. हळद चवीला घाला की!

मांसात औषधाचा थोडा अंश राहिला म्हणून एका जेवणाने घाबरायचं कारण नाही. प्रश्न मात्रेचा आणि वर्षानुवर्षं पोटात जाण्याचा असतो, आणि आजची बरीच औषधं डीडीटीइतकी टिकतही नाहीत. औषधाचा अंश आहे की नाही हे वासावरून कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. जनावरं पाळणाऱ्यांनी मात्र गोचिडाच्या औषधाचं लेबल वाचावं: वापरानंतर किती दिवस दूध-मांस घ्यायचं नाही, ते तिथे पाहावं.